‘काही चालू नाही’ असं डॉक्टरांना सांगू नका

टीबीच्या गोळ्या चालू असताना माला-एन किंवा माला-डी घेत असाल, तर आज रात्रीपासून त्या गोळीच्या भरवशावर राहू नका. निरोध वापरायला लागा आणि याच आठवड्यात आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना भेटून दुसरं साधन ठरवा. टीबीची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. हे आधी सांगून टाकते, कारण जिला याची गरज आहे तिला पुढचं सगळं वाचायला सवड मिळेलच असं नाही.

ज्यांना सवड आहे त्यांनी पुढे वाचावं, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा ओळखीतल्या बायकांना सांगावं.

टीबीच्या नेहमीच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचं औषध सहाही महिने असतं. लघवी केशरी होते ती याच्यामुळेच. पहिल्या दिवशी सिस्टर ‘रंग बघून घाबरू नका’ म्हणून सांगतात ते याच्याविषयीच. सांगायचं राहून जातं ते वेगळंच. रिफाम्पिसिनमुळे यकृतातली औषधं मोडणारी विकरं भराभर वाढतात. कारखान्यात एका पाळीच्या जागी तीन पाळ्या सुरू व्हाव्यात तसं. आता माला-एनचं पाकीट बघा. २८ गोळ्या. त्यातल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल (हे इस्ट्रोजेन) आणि ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल, उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या. हार्मोनची मात्रा मुद्दामच इतकी बारीक ठेवली आहे, की काम व्हावं आणि त्रास कमीत कमी व्हावा. यकृत ती झपाट्याने मोडू लागलं की रक्तात कामापुरतीही उरत नाही. बाई रोज न चुकता गोळी घेते, पाकीट वेळेवर संपतं, आणि तरी दिवस जातात. काहींना मधल्या दिवसांत डाग दिसतात, थोडंथोडं अंगावरून जातं. ती खूण समजावी. पण खूण न दाखवताही गोळी निकामी होऊ शकते, म्हणून डाग नाही तर धोका नाही, असा हिशेब करू नये.

हे नवं संशोधन नव्हे. जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, गोळी घेत असूनही दिवस गेलेल्या टीबीच्या बायका पाहून ते लिहून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटना गर्भनिरोधकांची चार वर्गांत विभागणी करते. पहिल्या वर्गात बिनधास्त द्या, चौथ्यात अजिबात देऊ नका. रिफाम्पिसिन घेणाऱ्या बाईसाठी संयुक्त गोळी, म्हणजे माला-एनसारखी दोन हार्मोनची गोळी, तिसऱ्या वर्गात आहे, म्हणजे दुसरा काही उपाय असेल तर ही देऊ नका. आणि दुसरा उपाय आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तांबीत हार्मोनच नसतं, त्यामुळे टीबीच्या औषधाने तिला काही होत नाही. तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनलाही रिफाम्पिसिनचा अडसर नाही. ‘छाया’ मात्र परस्पर सुरू करू नका. त्या गोळीत इस्ट्रोजेन नसतं हे खरं. म्हणून ती सगळ्यांना चालते असा समज झाला आहे; पण टीबीसारखा दीर्घ आजार आणि नुकतीच होऊन गेलेली कावीळ यांत ती देऊ नये, असं तिच्याविषयीच्या सूचनांतच म्हटलेलं आहे.

टीबीचा कोर्स संपला म्हणून दुसऱ्या दिवशी निर्धास्त होऊ नका. यकृताचा वाढलेला वेग उतरायला वेळ लागतो. शेवटच्या गोळीनंतर पुढचे चार आठवडे दुसरं साधन चालू ठेवायचं. या काळात काही चूक झाली आणि मेडिकलमधून ‘७२ तासांची गोळी’ आणली, तर तिचाही जोर असाच कमी पडतो. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं सगळ्यात खात्रीचं. ते जमणारच नसेल तर डॉक्टरांना टीबीच्या औषधाचं नाव सांगून मात्रा विचारा.

घरातल्या दुसऱ्यालाच टीबी असेल, तरी हे तुमच्या दारापर्यंत येतं. घरच्या निरोगी माणसांना टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे औषध देतात. त्यातलं रिफापेंटिन हे रिफाम्पिसिनचं सख्खं भावंड. सासऱ्यांना टीबी झाला म्हणून सुनेला आठवड्याची गोळी मिळते, सून धडधाकट असते, तिला कोणी पेशंट म्हणत नाही, आणि तिच्या माला-एनचा विषयच निघत नाही.

आणि दिवस गेलेच असतील तर? टीबीची औषधं घाबरून बंद करू नका. नेहमीच्या उपचारातली औषधं गरोदरपणातही देता येतात; अर्धवट सोडलेला टीबी हा आईला आणि बाळाला त्याहून घातक. ज्यांच्याकडे टीबीची फाइल आहे त्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, म्हणजे त्यांना औषधांकडे एकदा नव्याने बघता येईल.

माझं सगळं आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलं. ‘दुसरी काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर म्हणजे ‘नाही, काही चालू नाही.’ ते खोटं नसतं. बीपीची गोळी औषध असते, शुगरची असते. पाळणा लांबवायची गोळी, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, पाळी पुढे ढकलायची गोळी, पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात म्हणून चालू झालेली गोळी, यांना आपल्याकडे औषधात धरतच नाहीत. औषध आजाराला असतं आणि या बायका आजारी नसतात.

त्यात लपवाछपवी. गोळी सासूपासून लपवलेली असते, कधी नवऱ्यापासूनही. टीबी सासरी कळू नये म्हणून माहेरच्या पत्त्यावर उपचार घेणाऱ्या मुली आहेत. फिट येतात हे लग्नात सांगितलेलं नसतं, मग त्या गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे जातात. एकाच बाईची दोन गुपितं दोन वेगळ्या दवाखान्यांत, दोन वेगळ्या रजिस्टरांत पडून असतात, आणि ती दोन रजिस्टरं एकमेकांना कधी भेटत नाहीत. दोष बाईचा नाही. तिला कोणी नीट विचारलेलं नसतं, आणि विचारलं तेव्हा शेजारी सासू बसलेली असते.

फिटच्या गोळ्यांचं प्रकरण टीबीइतकंच गंभीर आहे आणि जास्त लांबतं, कारण ही औषधं वर्षानुवर्षं चालतात. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन ही औषधं यकृताला तशीच कामाला लावतात. टोपिरामेटही मोठ्या मात्रेत तेच करतं. एप्टॉइन किंवा टेग्रिटाल असं नाव पाकिटावर असेल तर ते याच यादीतलं आहे. या औषधांवर असताना संयुक्त गोळीचा भरवसा धरता येत नाही. इथेही तांबी आणि अंतरा ही उत्तरं आहेत. लेव्हेटिरॅसिटामने मात्र हा गोंधळ होत नाही, आणि सोडियम व्हॅल्प्रोएटनेही होत नाही. पण व्हॅल्प्रोएटची गोष्ट वेगळ्याच बाजूने धोक्याची आहे. ते चालू असताना दिवस गेले तर बाळात व्यंग येण्याची आणि पुढे त्याच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीचं गर्भनिरोधक पक्कं असलंच पाहिजे, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं का ते बघायला हवं. आधी म्हणजे दिवस जाण्याच्या आधी.

लॅमोट्रिजिनचा मामला उलटा. तिथे औषध गोळीला खात नाही, गोळी औषधाला खाते. संयुक्त गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिन जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. महिनोन्‌महिने फिट न आलेल्या मुलीला लग्नानंतर गोळी सुरू केल्यावर अचानक फिट येते आणि सगळे म्हणतात, नवीन घर, जागरणं, दगदग. असेलही. पण त्या घरात नवीन आलेल्या गोष्टींत एक पाकीटही आहे. तेही मोजा. हार्मोनच्या २१ गोळ्या संपून लोहाच्या सात सुरू झाल्या की लॅमोट्रिजिन पुन्हा चढतं, आणि मग चक्कर, तोल जाणं, दोन-दोन दिसणं. न्यूरॉलॉजिस्टना गोळीची तारीख कळली तर त्यांना हे सांभाळता येतं. फिटची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे टीबीइतकंच ठणकावून सांगते.

आता इथून दुसरा भाग सुरू होतो. आतापर्यंत औषध आणि गोळी यांचं भांडण होतं. पुढचं भांडण गोळी आणि आजार यांचं आहे, आणि त्यात कधीकधी जीव जातो.

श्रावण लागला की मेडिकलच्या काउंटरवर एक विनंती हळू आवाजात येते. गौरी-गणपती, मग नवरात्र, त्याआधी आषाढीची वारी. शिवाय लग्नं आणि सत्यनारायण वर्षभर असतातच. ‘पाळी पुढे जायची गोळी द्या.’ बहुतेक वेळा ती विनंती नवरा किंवा धाकटा दीर करतो, त्यामुळे पुढे काही विचारायचं असलं तरी विचारणार कोणाला? देवाला काय चालतं आणि काय नाही हा वाद मी इथे घालत नाही. माझं मत काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पण गोळी घेणारच असाल तर ती काय आहे ते समजून घ्या.

ही गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा घ्यायची. प्रिमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन ही तिची प्रचलित नावं. कागदावर ती निव्वळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीची आहे, तिच्यात इस्ट्रोजेन घातलेलं नसतं. पण एवढ्या मोठ्या मात्रेत घेतली की तिचा थोडा अंश शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओल बनतो आणि रोज एक कमी मात्रेची संयुक्त गोळी घेतल्यासारखा परिणाम होतो. म्हणजे ज्या बाईला संयुक्त गोळी वर्ज्य, तिने ही गोळीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. ती प्रिस्क्रिप्शनवरच मिळायला हवी, तसा नियम आहे. काउंटरवर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

वर्ज्य कशासाठी? इस्ट्रोजेन तोंडावाटे पोटात गेलं की यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त तयार करतं आणि गोठणं आवरणारे घटक कमी. पायाच्या खोल शिरेत गाठ धरू शकते, ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकते. प्रमाण किती, तेही सांगते, म्हणजे उगाच भीती पसरायला नको. युरोपीय औषध नियामकांनी केलेल्या हिशेबानुसार गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० तरुण बायकांत वर्षभरात साधारण २ जणींना अशी गाठ होते. माला-एनसारखी लिव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो. तेव्हा निरोगी तरुण बाईसाठी गोळी सुरक्षितच आहे. ही गोळी फेकून देण्याची हाक नाही. प्रश्न निरोगी नसलेल्या बाईचा आहे, आणि ती निरोगी नाही हे तिला ठाऊक नसण्याचा. ‘दहाच दिवस तर घ्यायची आहे’ हा दिलासाही फसवा, कारण गाठीचा धोका सुरुवातीच्या महिन्यांतच सगळ्यात जास्त असतो.

म्हणून गोळी तोंडात टाकण्याआधी स्वतःला विचारा. मला किंवा माझ्या आईला, बहिणीला कधी पायात किंवा फुफ्फुसात गाठ झाली होती का? हाड मोडून पाय प्लास्टरमध्ये आहे का, मोठं ऑपरेशन ठरलं आहे का? बाळंतपणाला सहा आठवडे पूर्ण झाले का? सव्वा महिना झाला की घरात मोकळीक मिळते, पण संयुक्त गोळीला तेवढ्याने परवानगी मिळत नाही, आणि अंगावर पाजत असाल तर सहा महिन्यांपर्यंत ती टाळलेलीच बरी. कावीळ चालू आहे किंवा नुकती होऊन गेली का? कावीळ झाली की गावोगाव झाडपाल्याचं औषध घ्यायला रांगा लागतात आणि पथ्य अगदी कडक पाळतात, तेल नाही, हळद नाही; त्या पथ्यात यकृतावरच भार टाकणारी हार्मोनची गोळी मात्र कोणी मोजत नाही.

बीपी. याच्यापाशी थांबते, कारण हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त राहून जातं. वरचा आकडा १६० किंवा खालचा १०० पर्यंत गेला असेल तर संयुक्त गोळी पूर्ण वर्ज्य. १४० आणि ९० च्या पुढे असेल तरी शक्यतो देऊ नये. बीपीची गोळी घेऊन आकडा आटोक्यात असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मोजायला दोन मिनिटं लागतात, उपकेंद्रात मोजतात, पैसे पडत नाहीत. पस्तिशी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईलाही ही गोळी चालत नाही. मशेरी लावत असाल तर तीही सांगा. कोणी हसणार नाही, आणि हसलंच तर दुसरे डॉक्टर बघा.

आणि अर्धशिशी. साधी डोकेदुखी नव्हे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा येतात, नजरेचा एक तुकडाच नाहीसा होतो, किंवा एका हाताला, ओठांना मुंग्या येतात, पाऊण तासाने ते सगळं जातं आणि डोकं ठणकायला लागतं. असं होणाऱ्या बाईसाठी संयुक्त गोळी चौथ्या वर्गात आहे. अजिबात नाही. कारण तरुण वयात पक्षाघाताचा धोका. बायका हे ‘पित्त चढलं’ म्हणून सोडून देतात, आणि डॉक्टर डोळ्यांपुढच्या रेषांविषयी विचारत नाहीत.

विदर्भातल्या, नंदुरबार-धुळ्याकडच्या आणि मेळघाटातल्या वाचकांसाठी सिकल सेलचा उल्लेख वेगळा करायला हवा. या आजारात रक्त आधीच अडखळत वाहतं. जागतिक आरोग्य संघटनेने या रुग्णांना संयुक्त गोळी जपून देता येईल असं धरलं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ च्या मार्गदर्शनात ती सरळ चौथ्या वर्गात टाकली. दोन मोठ्या संस्थांचं एकमत नाही, म्हणजे घरी बसून निर्णय करण्यासारखी ही गोष्ट नाही. सिकल सेलचं कार्ड असेल तर ते गोळी मागताना पुढे करा. रुग्ण आणि वाहक यांत फरक आहे, तोही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

काउंटरवरची आणखी एक जोडी मला फार खटकते. अंगावरून जास्त जातं म्हणून ट्रॅनेक्झामिक आम्लाची गोळी, मेफेनॅमिक आम्लासह किंवा एकटी, आपल्याकडे सर्रास घेतली जाते. ती रक्ताची गुठळी विरघळू देत नाही, तेच तिचं काम आहे. गाठ धरायला मदत करणारी संयुक्त गोळी आणि गाठ विरघळू न देणारी ही गोळी, दोन्ही एकाच पोटात गेल्या तर काय होईल ते सांगायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. एकीने पाळी थांबवायला हार्मोन सुरू केलेलं असतं, मध्येच रक्त दिसतं, मग शेजारीण दुसरी गोळी सुचवते. असं करू नका.

बाकीच्या काही जोड्या थोडक्यात उरकते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी संयुक्त गोळी किंवा पाळी गेल्यानंतरची हार्मोनची गोळी सुरू केल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत टीएसएच तपासून घ्यावा. थायरॉक्सिनची गरज वाढू शकते. पाठ-मान आखडली म्हणून मिळणारं टिझानिडिन संयुक्त गोळीबरोबर रक्तात जास्त साचतं, बीपी एकदम उतरतं, गुंगी येते. पीसीओएससाठी ड्रॉस्पिरेनोनची गोळी आणि चेहऱ्यावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन एकदमच चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, विशेषतः मूत्रपिंडं अशक्त असतील तर. पुटकुळ्यांसाठी मिळणाऱ्या, सायप्रोटेरॉन असलेल्या गोळ्याही संयुक्त गोळ्याच आहेत. वर गाठीविषयी, अर्धशिशीविषयी, बीपीविषयी जे सांगितलं ते सगळं त्यांना लागू. एचआयव्हीच्या औषधांपैकी एफाव्हिरेन्झ, नेव्हिरॅपिन आणि रिटोनाव्हिर असलेली औषधं गोळीचा जोर कमी करतात. डोलुटेग्राविरचं तसं नाही.

एक गैरसमजही खोडून टाकते. सर्दी-खोकल्याला, दाताला, लघवीच्या जळजळीला मिळणारी साधी अँटिबायोटिक्स गोळी निकामी करत नाहीत. पूर्वी तसं सांगत असत, आता नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, किंवा जोराचे जुलाब लागले, तर मात्र ती पोटात टिकली नाही असं समजायचं.

आता पाळी गेलेल्या, किंवा जाण्याच्या वयातल्या बायकांकडे वळते. त्यांना हार्मोनविषयी एक तर अतोनात भीती असते, नाहीतर काहीच माहिती नसते. भीतीचं मूळ २००२ सालात आहे. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या एकत्र गोळीची मोठी चाचणी त्या वर्षी मुदतीआधी थांबवली. दर वर्षी १०,००० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त, पक्षाघाताचे ८, फुफ्फुसात गाठ जाण्याचे ८, हृदयविकाराचे ७ जास्त. उलट खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ५ ने कमी. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं उलटलेली. पन्नाशीच्या आसपास, वाफा आणि रात्रीच्या घामाने हैराण झालेल्या निरोगी बाईचा हिशेब वेगळा निघतो, आणि तिला डॉक्टरांच्या देखरेखीत हे औषध देता येतं. स्तनाचा कर्करोग, गाठ, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर नाही. तिची टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर इथेही हार्मोन लवकर मोडतं आणि वाफा परत सुरू होतात. अशा वेळी मात्रा वाढवून मागण्याआधी दुसऱ्या औषधाचं नाव सांगा. त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेलही मिळतं. ते आधी यकृताकडे जात नाही, म्हणून गाठीची भीती असलेल्यांसाठी डॉक्टर त्याचा विचार करतात.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांनी एक गोष्ट जरूर विचारावी. बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढल्या जात असल्याचं २०१९ साली गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ऑपरेशनचे खर्च, मुकादमाचे दंड यांची चर्चा झाली. त्या बायकांच्या पुढच्या आयुष्यातल्या हाडांची फारशी झाली नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात आणि हार्मोन घेण्याची खरी गरज असू शकते. पिशवीच नसेल तर साधारणपणे इस्ट्रोजेन एकटं पुरतं, जोडगोळीची गरज नसते. अंडाशयं काढली की ठेवली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधा, आणि कोणाकडून तरी वाचून घ्या.

कोणी कोणतीही हार्मोनची गोळी घेत असेल आणि एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, छातीत दुखून दम लागला, खोकल्यातून रक्त पडलं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं अचानक दुखलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं किंवा पोटात असह्य दुखू लागलं, तर पायाला तेल चोळत बसू नका, सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा, ‘ही हार्मोनची गोळी घेते.’ ज्यांच्या घरात कोणी गोळी घेते त्या नवऱ्यांनी, आयांनी, मुलांनी हे वाक्य पाठ करावं, कारण त्या वेळी तिला बोलता येईलच असं नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनो, तुमच्याकडे एक विनंती आहे. रिफाम्पिसिन, फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिनची पट्टी देताना बाई समोर असेल तर हळूच विचारा, ‘पाळणा लांबवायची गोळी चालू आहे का?’ पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला पुरुष आला तर चिठ्ठी मागा, किंवा बाईंना फोन लावून द्या म्हणा. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच एकट्याने करून भागणार नाही. तालुक्यातल्या केमिस्ट संघटनेने श्रावणाआधी बैठक घेऊन ठरवावं.

आशाताईंनो, तुमच्याकडे टीबीची यादी असते आणि पाळणा लांबवणाऱ्यांचीही असते. या आठवड्यात दोन्ही शेजारी ठेवा आणि दोन्हींत आलेलं नाव शोधा. त्या घरी गेल्यावर सासूला पाणी आणायला आत पाठवा आणि मग बोला. तांबी आणि अंतराचा साठा नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. निरोध मात्र त्याच भेटीत हातात द्या.

डॉक्टरांना एवढंच म्हणते, की ‘काही औषध चालू आहे का’ या प्रश्नापुढे आणखी एक प्रश्न जोडा. पाळीसाठी, मूल राहू नये म्हणून, चेहऱ्यासाठी किंवा वाफांसाठी कोणती गोळी? आणि हे विचारताना खोलीत फक्त ती असावी.

बायांनो, तुम्ही आज करायचं काम म्हणजे सगळी पाकिटं, अर्धवट पट्ट्यासुद्धा, एका पिशवीत टाका. नावं वाचता येत नसतील तरी चालेल, पाकीट कापून नाव असलेला तुकडा फेकू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती पिशवी घेऊन जा आणि टेबलावर ओता. घरच्यांसमोर काढता येत नसेल तर पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तपासणीच्या पडद्यामागे दाखवा. टीबीच्या औषधांविषयी शंका असेल तर १८००-११-६६६६ हा सरकारी फोन फुकट आहे. फोन करताना तुमच्या दुसऱ्या गोळीचं नाव हाताशी ठेवा.